फणसाळंबे नेमके कोणते?

काष्ठौषधींच्या जुन्या दुकानात फणसाळंबे मागितले, तर पुण्यात आणि कोकणात ते अजूनही मिळते. दुकानदार मागच्या फळीवरचा डबा काढतो आणि कागदावर एक तपकिरी, कठीण तुकडा ठेवतो. कुणी त्याला फणसोंबा म्हणते, कुणी फणसअळंबी. फणसाच्या जुन्या खोडावर येणारी ही बुरशी. लहान मुलाचे तोंड आले, लाळ अतोनात गळू लागली, हिरड्या हुळहुळ्या झाल्या की ती सहाणेवर पाण्यात उगाळून लावायची. जुलाब किंवा आव असेल तर तेच उगाळून थोडे चाटवायचे. आमच्या राजापूरच्या घरी मात्रेच्या डब्यात वेखंड, मुरडशेंग, मायफळ यांच्या शेजारी फणसाळंब्याचा तुकडा असे. पिढ्यानपिढ्या उगाळून त्याची एक बाजू गुळगुळीत आणि तिरकी झालेली होती.

पुढे मी पुण्यात फार्मसीच्या मुलांना कच्च्या औषधी द्रव्यांची ओळख शिकवली. साल, मूळ, डिंक, बी समोर ठेवायचे आणि विचारायचे: हे काय आहे, आणि हेच आहे हे कशावरून? या दुसऱ्या प्रश्नाला फणसाळंब्याइतके कस पाहणारे द्रव्य माझ्या फळीवर दुसरे नव्हते. आता निवृत्तीनंतर ओळखीची माणसे फोन करून विचारतात, रीशीच्या कॅप्सूल घेऊ का, कॉर्डिसेप्सची पूड कुठली चांगली, दोन डब्यांवर नाव एकच आहे मग किमतीत एवढा फरक का. मी त्यांना फणसाळंब्याचा इतिहास सांगते. औषधी अळंब्यांच्या व्यापारात नाव एकीकडे आणि वस्तू दुसरीकडे कशी जाते, हे त्यात स्वच्छ दिसते.

आपल्या परंपरेत अळंबी ओळखायची ती कशावर उगवली यावरून. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, ४६व्या अध्यायात, अन्नपानाची चर्चा आहे. तिथे उद्भिद शाकांचे पाच प्रकार दिले आहेत: पेंढ्यावर, उसावर, शेणावर, बांबूवर आणि जमिनीवर उगवणारे. प्रत्येकाचे गुण निराळे सांगितले आहेत. पेंढ्यावरचे विपाकाने गोड आणि रूक्ष, शेणावरचे उष्ण आणि तुरट, बांबूवरचे तुरट आणि वात वाढवणारे, जमिनीवरचे जड. या विभागणीमागे बारीक निरीक्षण आहे. बुरशी स्वतःचे अन्न तयार करत नाही, ती ज्यावर वाढते त्यालाच कुजवून खाते. आणि पुष्कळ जाती ठरावीक आधार सोडून दुसरीकडे येतही नाहीत. फणसाळंबे हे नाव याच रीतीतले. त्यात झाड सांगितले आहे, बुरशी कोणती ते ऐकणाऱ्याने ओळखायचे आहे. जंगलातून आणणारा, विकणारा आणि उगाळणारी आजी एकाच पंचक्रोशीत राहत होती तोवर एवढे पुरेसे होते. पण फणसावर एकच बुरशी येत नाही, आणि फणसावर येणारी बुरशी आंब्यावर किंवा ऐनावर येणारच नाही असेही नाही. व्यापार पंचक्रोशीबाहेर गेला की झाडाच्या नावाने भागत नाही.

तो बाहेर गेला एकोणिसाव्या शतकात, मुंबईच्या बाजारात. विल्यम डायमॉक हे तेव्हा मुंबई सरकारच्या औषधभांडाराचे प्रमुख होते. बाजारात येणाऱ्या देशी द्रव्यांचा त्यांनी ध्यास घेतला होता. आधी पश्चिम भारतातल्या वनस्पतिज औषधांवर त्यांनी ग्रंथ लिहिला, आणि मग वॉर्डन व हूपर यांच्यासह ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा मोठा ग्रंथ १८९० ते १८९३ या काळात प्रसिद्ध केला. कच्च्या द्रव्यांची ओळख शिकवणाऱ्या आम्हा सगळ्यांवर या माणसाचे ऋण आहे. द्रव्य कुठून येते, बाजारात त्याला काय म्हणतात, वैद्य आणि हकीम ते कशासाठी देतात, हे त्यांनी ज्या आस्थेने नोंदवले तसे त्याआधी फार थोड्यांनी केले होते.

मुंबईच्या बाजारात त्या काळी दोन औषधी अळंबी होती. एक आयात केलेले घारीकून. युनानी हकीम ते वापरत. त्याचे मूळ ग्रीक वैद्यकात आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात डायोस्कोरिडीसने आगारिकॉन या नावाने त्याचे वर्णन केले. ती लार्च वृक्षाच्या खोडावरची पांढरी, कडू बुरशी. आजचे शास्त्रीय नाव लॅरिसिफोमीस ऑफिसिनॅलिस. डायोस्कोरिडीसने तिच्यात नर आणि मादी असे दोन प्रकार केले, मादी सरस ठरवली, आणि हे झाडाचे मूळ आहे की कुजक्या खोडावर येणारे अळंबे, याबद्दल लोकांत दोन मते आहेत असेही लिहिले. म्हणजे औषधी अळंब्याची खरी वस्तू कोणती आणि त्यातली चांगली कोणती, हा गिऱ्हाइकाचा प्रश्न दोन हजार वर्षांचा तरी आहे.

दुसरे आपले फणसाळंबे. डायमॉकने त्याचे मराठी नाव आणि हिरड्या, लाळ, मुलांचे तोंड, जुलाब हे उपयोग नोंदवले. शास्त्रीय नाव मात्र अ‍ॅगारिकस ऑस्ट्रिएटस असे दिले. पुढे मुंबईच्याच के. एम. नाडकर्णी यांच्या ‘इंडियन मटेरिया मेडिका’त तेच नाव आले, आणि तिथून कितीतरी पाठ्यपुस्तकांत. अ‍ॅगारिकस ऑस्ट्रिएटस म्हणजे आजचे प्ल्युरोटस ऑस्ट्रिएटस. महाराष्ट्रात शेतकरी आणि बचतगट भुश्श्याच्या पिशव्यांतून जी धिंगरी अळिंबी पिकवतात, तिच्या कुळातले. मऊ, मांसल, शिंपल्याच्या आकाराचे, भाजी करून खायचे.

धिंगरी कुणी वाळवून सहाणेवर उगाळून पाहावी. वाळली तरी ती चिवटच राहते आणि पाणी लागताच मऊ पडते. तिचा लेप निघेल, पण चंदनाच्या खोडासारखी ती दगडावर फिरवता येणार नाही आणि वर्षानुवर्षे डब्यात टिकणार नाही. ज्या द्रव्याचा वापर पिढ्यानपिढ्या उगाळून झाला, ते लाकडासारखे कठीण असलेच पाहिजे. म्हणजे वापरण्याची रीतच वस्तूची ओळख सांगत होती. घरोघरच्या बायकांना ती माहीत होती. छापील नाव दुसऱ्याच बुरशीचे पडले. एकदा छापलेले नाव पुढचे ग्रंथ नमुना न बघता उचलतात, हा औषधी द्रव्यांच्या इतिहासातला जुना रोग आहे.

हा घोळ निस्तरायला बाजारातला तुकडाच हातात घ्यावा लागला. पुणे विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातले जे. जी. वैद्य यांनी ते काम केले. लाकूड कुजवणाऱ्या बुरशा हा त्यांचा अभ्यासविषय. फणसोंबा म्हणून जे विकले जाते ते फेलिनस या प्रजातीचे आहे हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, आणि त्यातही ती एकच जात नाही, अनेक जाती त्या एका नावाखाली येतात असे नोंदवले. लोकवैद्यकातल्या बुरशांवरचा त्यांचा लेख १९९३ साली ‘मायकॉलॉजिस्ट’ या ब्रिटिश नियतकालिकात आला. पुण्यातच आघारकर संशोधन संस्थेत बुरशांचा मोठा नमुनासंग्रह आहे, कवकशास्त्रज्ञ एस. एल. आजरेकर यांचे नाव त्याला दिलेले आहे. ज्यांच्या नावाने ही संस्था ओळखली जाते ते शंकर पुरुषोत्तम आघारकर मालवणचे. फणसाच्या मुलखातला माणूस आणि फणसावरच्या बुरशीची ओळख पटवणारे शहर यांचा हा संबंध मला फार मोलाचा वाटतो.

मी वर्गात हा तुकडा मुलांपुढे कसा ठेवत असे ते सांगते. आधी वरची बाजू. गडद, खडबडीत, जुन्या तुकड्यावर भेगा पडलेल्या, वर्षागणिक वाढीची वळी दिसतात. मग खालची बाजू. नुसत्या डोळ्यांना ती मखमली तपकिरी दिसते. दहा पट भिंगाखाली ती बारीक छिद्रांनी भरलेली असते, एका मिलिमीटरच्या अंतरात पाच-सहा किंवा त्याहूनही जास्त. तुकडा मोडला तर आतला गर गंजासारखा तपकिरी असतो. त्या गरावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणाचा एक थेंब टाकायचा. फेलिनसच्या कुळातला असेल तर तिथे लगेच काळा डाग पडतो. तो डाग पडला की वर्गात कुजबुज व्हायची, कारण प्रयोगशाळेतले महागडे यंत्र न लावता धिंगरीचा दावा तिथेच निकालात निघायचा. शेवटी पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली. अनेक जातींत छिद्रांच्या कडेला जाड भिंतीचे, टोकदार, तपकिरी काटे दिसतात. ते आहेत की नाहीत, बीजाणू रंगीत आहेत की रंगहीन, यावरून जातींच्या जवळ जाता येते. नक्की जात सांगायला आज डीएनए तपासावा लागतो.

एकदा याच वर्गासाठी तुकडे घेताना मी दुकानातल्या वयस्कर काकांना विचारले, ‘‘काका, हे फणसावरचंच कशावरून?’’ ते म्हणाले, ‘‘बाई, माल देणारा सांगतो तेच मी तुम्हाला सांगणार. खोडासकट आणलं तर ना झाड कळेल!’’ त्यांच्या उत्तरात या व्यापाराची सगळी अडचण आहे. खोडापासून सोडवलेले अळंबे आपल्या झाडाचा पुरावा जागेवरच ठेवून येते. म्हणून वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी नमुना घेताना झाड, गाव आणि तारीख चिठ्ठीवर लिहितात. व्यापाराने ती चिठ्ठी कधी सांभाळली नाही.

आपल्याकडे हे झाले तसेच चीन, जपान आणि कोरियात तुतीच्या झाडावरच्या बुरशीचे झाले. चिनी वैद्यकात तिला सांगहुआंग म्हणतात. तांग काळापासून तिचा उल्लेख आहे. फणसाळंब्याप्रमाणे तिलाही झाडावरूनच नाव मिळाले, आणि तीही लाकडासारखी कठीण, पिवळसर तपकिरी. १९६८ साली टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रातल्या इकेकावा आणि सहकाऱ्यांनी अनेक बुरशांचे अर्क उंदरांमधल्या गाठींवर तपासले. त्यात फेलिनस लिंटियस या नावाखाली तपासलेल्या अर्काने गाठींची वाढ सर्वाधिक रोखली, जवळजवळ ९७ टक्के. त्यानंतर पूर्व आशियात या नावाला मोठी मागणी आली. पण लिंटियस ही जात मुळात एकोणिसाव्या शतकात मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वातल्या नमुन्यावरून वर्णिलेली. चीनमधल्या तुतीवरच्या बुरशीला ते नाव केवळ दिसण्यातल्या सारखेपणामुळे मिळाले होते. तैवानचे शेंग-हुआ वू आणि सहकाऱ्यांनी डीएनए तपासून २०१२ साली दाखवले की तुतीवरची खरी सांगहुआंग ही वेगळीच, तोवर नाव न मिळालेली जात आहे, आणि निसर्गात ती तुतीवरच येते. २०१६ साली तिच्यासाठी आणि तिच्या जवळच्या जातींसाठी सांगहुआंगपोरस ही नवी प्रजाती करण्यात आली. जुन्या लोकांनी झाडाचे नाव देऊन जी ओळख राखली होती ती बरोबर ठरली. ग्रंथातले लॅटिन नाव चुकीचे निघाले. तुतीवरची मिळणे कठीण म्हणून बाजारात मात्र पॉपलरवर वाढणारी आणि लागवडीला सोपी अशी तिची भावंडजात सांगहुआंग म्हणून मोठ्या प्रमाणावर विकली जाते.

आपल्याकडच्या केमिस्टच्या काचेत आज सर्वांत जास्त दिसते ती रीशी. डब्यावर नाव असते गॅनोडर्मा ल्युसिडम. हे नाव ज्या बुरशीवरून पडले ती इंग्लंडमधली. विल्यम कर्टिसने लंडनजवळच्या पेकहॅमच्या नमुन्यावरून १७८१ साली तिला बोलेटस ल्युसिडस म्हटले. १८८१ साली फिनलंडच्या कार्स्टेनने तिच्यावरून गॅनोडर्मा ही प्रजाती स्थापली. चीनच्या लिंगझीला, म्हणजे याच रीशीला, हेच युरोपी नाव विसाव्या शतकाच्या आरंभी चिकटले आणि शंभर वर्षे राहिले. २०१२ साली चिनी कवकशास्त्रज्ञांनी तिला गॅनोडर्मा लिंगझी असे स्वतंत्र नाव दिले. दोन्ही तांबूस, चकचकीत, लाखेचा हात दिल्यासारख्या. फरक बघायचा तर अळंबे उलटे करावे लागते आणि कापावे लागते: लिंगझीची छिद्रांची बाजू पिवळी असते आणि गरात काळसर पट्टे असतात, युरोपी ल्युसिडमची खालची बाजू पांढरी. म्हणजे बाजारातल्या बहुतेक डब्यांवरचे नाव आतल्या वस्तूचे नाहीच, आणि औषध म्हणून ज्यावर शतकानुशतके लिहिले गेले त्या वस्तूचे स्वतःचे नाव डब्यावर येतच नाही.

यात फसवणूक नसते, नावाची जुनी सवय असते, असे कुणी म्हणेल. काही ठिकाणी ते खरेही आहे. पण २०१७ साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये आलेल्या तपासणीत अमेरिकेत विकत घेतलेल्या रीशीच्या १९ पूरकांपैकी लेबलाशी जुळणारी फक्त ५ निघाली. तिथे तपासलेली होती ती रासायनिक घडण, म्हणजे रीशीची खूण असलेली ट्रायटरपिनॉइड आणि शर्करा. पाचच्या पलीकडची १४ काय होती याचा संबंध नावाच्या सवयीशी कमी आणि पुडीत काय भरले याच्याशी जास्त आहे.

कारण आता आपण तुकडा विकत घेत नाही, पूड घेतो. पूड झाली की वरचे खडबडीत कवच, खालची छिद्रे, गरातले पट्टे सगळे गेले. भिंग उपयोगाचे नाही. शिवाय एक नवा प्रकार सुरू झाला आहे. बुरशीचे दोन भाग असतात: आपल्याला दिसते ते अळंबे, म्हणजे फलकाय, आणि लाकडात किंवा धान्यात पसरलेले धाग्यांचे जाळे, म्हणजे तंतुजाल. तांदळावर किंवा ज्वारीवर तंतुजाल वाढवायचे, मग धान्यासकट वाळवून दळायचे, हे फलकाय वाढवण्यापेक्षा स्वस्त पडते. त्या पुडीत धान्याचा पिष्ट भाग उरतो. लेबलावर ‘पॉलिसॅकराइड’चा मोठा आकडा छापलेला असला, तर त्या आकड्यात हा पिष्टही मोजला जातो, कारण पिष्टही पॉलिसॅकराइडच. अळंब्यांच्या गुणांची चर्चा ज्यावर होते ते बीटा-ग्लुकॅन वेगळे. घरी एवढे करता येते: चिमूटभर पूड पाण्यात उकळून गार करायची आणि त्यात टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकायचा. निळसर काळा रंग चढला तर त्यात पिष्ट आहे. यावरून जात कळत नाही, पण अळंब्याचे पैसे देऊन तांदूळ घेतो आहोत का, ते कळते.

जात ओळखण्यावर मी इतकी अडून का बसते? प्रयोगशाळेत जो गुण दिसला तो एका जातीच्या, एका भागाच्या, एका रीतीने काढलेल्या अर्काचा असतो. भावंडजातीत तो असेलच असे नाही. आणि अपाय झाला तर तो नेमका कशाने झाला हे डॉक्टरांना सांगता यायला हवे. रक्त पातळ करणारी औषधे, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे, मधुमेहाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातले काहीही घेऊ नये. उंदरांतला निष्कर्ष हा माणसाचा उपचार नव्हे, हेही तितकेच लक्षात ठेवावे.

फणसाळंब्याच्या इतिहासातून मी विकत घेणाऱ्याला चार प्रश्न काढून देते. जातीचे पूर्ण शास्त्रीय नाव काय, नुसते रीशी किंवा कॉर्डिसेप्स नव्हे. फलकाय आहे की तंतुजाल. कशावर वाढवले आहे. आणि त्या उत्पादनगटाचा तपासणी अहवाल दाखवाल का, ज्यात बीटा-ग्लुकॅन आणि पिष्ट वेगळे मोजलेले आहेत आणि जड धातूंची तपासणी आहे. डब्यावरचा एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक उत्पादक कोण ते सांगतो. आत कोणती जात आहे ते तो सांगत नाही. ज्याला या चारांची उत्तरे देता येत नाहीत, त्याच्याकडून घेऊ नका, मग डबा कितीही देखणा असो.

आणि एक विनंती कोकणातल्या वाचकांना. आपल्या वाडीत फणसावर हे अळंबे दिसले तर ते खरवडून विकू नका. झाडाचा, खोडाचा आणि अळंब्याच्या दोन्ही बाजूंचा फोटो घ्या, गाव आणि तारीख लिहा, आणि जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना कळवा. फणसाळंबे म्हणून आजवर किती जाती वापरल्या गेल्या आणि त्यातली आजीच्या सहाणेवरची कोणती, हे ठरवायला अशाच नोंदी लागतात.